मशीनच्या आतलं साल

मिलिंदा,

तुझा जलदान विधी होऊन चार दिवस झाले. पाहुणे गेले. काल दुपारी कारखान्यातला माणूस तुझे नोकरीचे कागद देऊन गेला. सुनीतानं ते बाहेरच्या खोलीत बसून वाचले. मी भांडी घासत होते. ती आत आली तेव्हा तिच्या हातात एकच कागद होता.

"अक्का, यात लिवलंय, निष्काळजीपणामुळं काँप्युटर विभागातून काट्यावर बदली. खरंच त्यांच्या हातनं तसं झालतं?"

मी म्हटलं, "थांब, दूध उतू जातंय." आणि शेगडीकडं वळले. शेगडीवर दूध नव्हतंच. ती ते बघत उभी राहिली आणि मग निघून गेली.

चार वर्षं तू काट्यावर उसाच्या गाड्यांची वजनं करत बसलास आणि बायकोला एवढंच सांगितलंस की हापिसातलं राजकारण असतंय. मलाही वाटलं, बरं झालं, विषय संपला. आता तो कागद ट्रंकेवर पडून आहे आणि सुनीता माझ्याशी कामापुरतं बोलते. काय झालं ते पुरतं माहीत असलेली मी एकटीच उरले. तिला सांगायचं तर आधी तुला सांगायला हवं. लोकांसमोर माझी जीभ टाळ्याला चिकटते, तुझ्यापुढं तसं कधी झालं नाही. शेवटी एकदाच झालं.

नेसरीच्या सासरहून मी कायमची परत आले तेव्हा तू म्हणालास, अक्का, घरात बसून कुढू नकोस, काँप्युटरच्या खोलीला एक बाई पाहिजे आहे. मला वाटलं झाडायला बाईच पाहिजे असं काय असतं? पण त्या खोलीत धूळ चालत नसे. ओल्या फडक्यानं पुसायचं, केरसुणी न्यायची नाही, चप्पल बाहेर. एमडी साहेबसुद्धा बूट काढून मोज्यांवर आत यायचे आणि त्यांच्या एका मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. ते बघून तू माझ्याकडं असं बघितलंस की मला बादली घेऊन बाहेर पळावं लागलं.

किल्ली माझ्याकडं असायची. पहिल्या बसनं मी पोचायचे, थंड हवेचं यंत्र लावायचे, आणि तासाभरानं तू येऊन ते कपाटाएवढं मशीन चालू करायचास. तालुक्याभरातल्या उसाची नोंद त्यात होती. कुणाची लागण कधीची, कुणाचा खोडवा, आणि कुणाच्या रानात तोडणीची टोळी आधी जायची. हंगामात त्या यादीपुढं चेअरमनचंसुद्धा चालत नाही, असं तू म्हणायचास. तेव्हा मला हसू यायचं. पण लोक खरंच यादी मानायचे. मशीननं काढली म्हटल्यावर भांडण मिटायचं.

मग त्या मशीनच्या आतला घड्याळाचा सेल संपला. तसला सेल आता बनत नाही, असं पुण्याहून कळलं. त्यामुळं मशीन रोज सकाळी उठल्यावर विचारायचं, आज तारीख काय? तुझी बस उशिरा यायची. तू मला म्हणालास, तूच घालत जा.

"मला न्हाय जमायचं. माझं शिक्षण किती, हे मशीन केवढ्याचं."

"सहा आकडे आणि एक बटण. मला उजळणी कुणी शिकवली? चूल फुंकत फुंकत पावकीपातूर म्हणून घेतल्यास की."

उजळणी मी शिकवली हे खरं. तू रांगत होतास आणि आई भांगलायला जायची, तेव्हा चौथीनंतर माझं दप्तर खुंटीला लागलं. तू कधी तो विषय काढला नाहीस आणि मीही बोलले नाही. पण त्या सकाळी पहिल्यांदा मी सहा आकडे दाबले, मशीननं ते घेतले, आणि पडद्यावर हिरव्या अक्षरांची रांग धावली, तेव्हा मला काय वाटलं ते तुला कधी कळलं असेल का? तू मागं उभा होतास. "झालं की," एवढंच म्हणालास आणि चहाला गेलास. मी तिथंच उभी राहिले. फडकं हातात वाळून गेलं.

दोन हजार साल आलं तेव्हा सगळे घाबरले होते. मशीनला सालाचे शेवटचे दोनच आकडे कळायचे. नव्याण्णवानंतर शून्य शून्य आलं की त्याला वाटणार काळ उलटा गेला. नवीन मशीन घ्यायला संचालक तयार नव्हते आणि प्रोग्राम लिहिणारा माणूस परदेशात. तू आठवडाभर कागदावर गणितं केलीस. मग एक दिवस येऊन माझ्यासमोर स्टुलावर बसलास. "अक्का, अठ्ठावीस वर्षांनी तारीख आणि वार पुन्हा तस्सेच जुळतात. सोमवारला सोमवार. मग मशीनला अठ्ठावीस वर्षं मागं नेऊन ठेवू. त्याच्या आत बहात्तर साल. लागणीच्या तारखापण सगळ्या अठ्ठावीसनं मागं. कागदावर छापताना तेवढे अठ्ठावीस वाढवायचे. बाहेरच्याला काय पत्ता लागत न्हाय."

मी म्हटलं, "म्हंजे मशीनला फसवायचं."

"फसवायचं न्हाय. सांभाळायचं."

तू एका चिठ्ठीवर ७२ लिहून मशीनला चिकटवलंस. एमडी साहेबांना सांगितलंस, दोन हजारचं काम झालं. त्यांनी कसं म्हणून विचारलं नाही. शेतकी ऑफिसला यादी बरोबर आल्याशी मतलब, वरचा तारखेचा शिक्का ते आपल्या हातानं मारायचे. मशीनच्या आत कोणतं साल चाललं आहे हे फक्त तुला आणि मला ठाऊक होतं. जानेवारीत तू चिठ्ठी बदलायचास, पण रोज बोट माझं असायचं. पुढच्या वर्षी ७३ आलं. माझी शाळा सुटली ते साल. वर्षभर रोज सकाळी सात वाजता मी ते साल घातलं. पहिल्या दिवशी हात थांबला होता, पुढं नाही थांबला. उलट मला ते आवडायला लागलं. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

त्यानंतर मशीन थकत गेलं. एक पंखा बंद पडला, मग एक कार्ड जळालं, मग दुसरं. तू मुंबईच्या भंगारवाल्यांकडनं कार्डं आणायचास, कागदी पिशवीत, अंड्यासारखी जपून. एक दिवस तू नेट कॅफेतून एक सीडी घेऊन आलास. तुझे डोळे लाल आणि चेहरा उजळलेला. म्हणालास, पुण्याहून नवा सर्व्हर येतो आहे, त्याच्या आत आपलं जुनं मशीन बसवता येतं. लोखंड नाही, नुसतं त्याचं वागणं. जुनं मशीन जसं मोजायचं, जसं लिहायचं, जसं थांबायचं, तसंच नव्यानं करून दाखवायचं. प्रोग्रामला वाटलं पाहिजे, आपण आपल्याच जुन्या घरात आहोत.

मला लगेच कळलं. मी म्हटलं, "म्हशीचं रेडकू मेल्यावर करत्यात तसं. कातड्यात पेंढा भरून पुढं ठेवायचं. म्हैस हुंगती, चाटती आणि पान्हा सोडती."

तू माझ्याकडं बघतच राहिलास. मग इतका हसलास की शेतकी ऑफिसातली दोघं डोकावून गेली. "बरोब्बर! प्रोग्राम म्हैस. नवं मशीन पेंढ्याचं रेडकू. आणि दूध म्हणजे यादी!"

तिथंच तू थांबायला पाहिजे होतंस. दुसऱ्या दिवशी पुण्याचे इंजिनिअर आले. एमडी साहेब, शेतकी अधिकारी, सगळे मीटिंगच्या खोलीत बसले होते आणि मी चहा द्यायला आत गेले. तू नेमकं तेव्हाच म्हणालास, "माझी अक्का काय म्हणते ऐका." आणि रेडकाचं सांगितलंस. सगळे हसले. वाईट हसले नाहीत, मला आता कळतं. पुण्याचे इंजिनिअर तर वा वा म्हणाले. पण दहा माणसं एकदम माझ्याकडं वळली, एक जण म्हणाला, "पावणं, मग काँप्युटर विभाग आता बाईंच्याच ताब्यात द्या की!" आणि माझ्या हातातला ट्रे वाजायला लागला. कपबशा वाजत होत्या आणि मला त्या थांबवता येत नव्हत्या.

घरी आल्यावर मी तुझ्याशी भांडले. इतकी मी कधी भांडले नव्हते.

"परत चारचौघांत माझं नाव घेतलंस तर त्या खोलीत पाऊल टाकणार न्हाय."

"अगं, तुझं कौतुकच केलं."

"मला नको तुझं कौतुक. झाडणारी हाय, झाडू दे."

"तू नुसती झाडणारी हायस व्हय?"

"व्हय. लोकांसमोर तेवढीच. शपथ घे."

तू चिडून जेवणावरून उठलास. शपथ घेतली नाहीस, पण पाळलीस. तुझं हेच वाईट होतं. बोललेलं विसरायचा नाहीस.

पावसाळाभर दोन्ही मशीनं शेजारी शेजारी चालली. तू म्हणालास, अक्का, तारीख दोन्हीकडं घाल. मी दोन्हीकडं घालायचे, त्या वर्षी ७६. दोन्हीतनं याद्या निघायच्या, तू फूटपट्टी लावून ओळ ओळ ताडून बघायचास. एकही ओळ चुकली नाही. नवं मशीन शहाण्यासारखं वागत होतं. ते शहाणं होतं त्यात माझं बोट होतं, हे तुझ्या ध्यानात आलं नाही. माझ्या तरी कुठं आलं होतं? तेव्हा ती माझ्यासाठी एक सवय होती, आणि तुझ्यासाठी तर चार वर्षांत तीही उरली नव्हती. तू येईपर्यंत तारीख घातलेली असायची.

हंगामाच्या पंधरा दिवस आधी जुन्या मशीनची डिस्क गेली. एकदाच दळण दळल्यासारखा आवाज आला आणि संपलं. आता मागं फिरायला वाट नव्हती. हंगामाच्या पहिल्या दिवशी नव्या सर्व्हरसमोर नारळ फोडायचं ठरलं. मी पहाटेच खोली पुसून काढली. तू लवकर आलास, नवा शर्ट घातला होतास. मी सवयीनं खुर्चीशी गेले तर तू हसून म्हणालास, "अक्का, आता तारीख नको घालू. कालच जोडून दिलंय, हे मशीन आता आपलं आपण वेळ घेतंय. आतल्या जुन्यालाही तेच देतंय. तुझं काम सुटलं."

तू आनंदानं म्हणालास. माझा एक त्रास कमी केला असं तुला वाटत होतं.

मी जुन्या मशीनवरची चिठ्ठी नखानं काढली आणि पदराच्या गाठीत बांधली. तेवढ्यात सगळे आले. मोजे घातलेले पाय, उदबत्ती, पेढे. मी दाराशी उभी होते. तिथून पडदा दिसत होता. कोपऱ्यात तारीख आली. दिवस बरोबर, महिना बरोबर, आणि साल ०४. सगळ्यांना ते बरोबरच दिसलं असणार, बाहेर तेच साल चाललं होतं. त्या खोलीत रोज त्या कोपऱ्यात ७६ बघायची सवय फक्त मला होती.

त्या कोपऱ्याचं नंतर लिहिते. आधी झालं ते सांगते.

यादी निघाली. तोडणीच्या चिठ्ठ्या फाटल्या. टोळ्या रानात गेल्या. दोन दिवस कुणी काही बोललं नाही, कारण ज्यांचा कोवळा ऊस आधी तुटला ते कशाला बोलतील? तिसऱ्या दिवशी कुजबुज झाली आणि पाचव्या दिवशी शिरोळकडचे पंधरा-वीस जण ट्रॅक्टर घेऊन आले. त्यातल्या एका म्हाताऱ्यानं तुझ्या टेबलावर दोन ऊस आपटले. एक तुरा आलेला, वाळत चाललेला. दुसरा हिरवागार, कांड्या बोटाएवढ्या.

"हे बगा. ह्यो माझा, सतरा म्हैन्याचा, अजून उभा हाय. आणि ह्यो धा म्हैन्याचा, काल तुटून गाडीत पडला. मशीन काढती न्हवं यादी? का मशीनला पावणं झाल्यात कोण?"

"काका, मला दोन दिवस द्या. मी बघतो."

"दोन दिसात माझा ऊस पांढरा हुईल. कुणाचं ऐकून फिरवलीस यादी, ते सांग आधी."

मागनं कुणीतरी म्हणालं, "कोट्यातली माणसं मशीनवर बसवल्यावर आणि काय हुणार!"

 तुझ्या कानाच्या पाळ्या तेवढ्या लाल झाल्या. आपल्या वस्तीत काँप्युटर शिकलेला तू पहिला. तू कुणाला कधी उलट बोलत नव्हतास. काम दाखवायचास. आणि आता कामच उलटं पडलं होतं. तो म्हातारा वाईट नव्हता, मिलिंदा. जाताना त्यानं हिरवा ऊस परत उचलून नेला, वाया जाऊ नये म्हणून.

दोन दिवस तू त्या मशीनच्या पोटात शिरलास. तुला वाटत होतं, रेडकाचंच काही चुकलं, नव्या मशीनला जुन्यासारखं मोजता येत नाही. पुण्याच्या इंजिनिअरना फोन लावलास, ते म्हणाले, आकडेमोड ठीक आहे, तुमचा प्रोग्राम तपासा. तू म्हणत होतास, पावसाळाभर चाललेला प्रोग्राम आताच कसा बिघडेल? एमडी साहेब दर तासाला यायचे. बूट घालूनच आत यायला लागले होते. पाणी आणून ठेवलं तर तू पीत नव्हतास. मी तीनदा तुझ्या खुर्चीमागं येऊन उभी राहिले आणि तीनदा परत गेले.

चौथ्यांदा मी म्हटलं, "मिलिंदा, साल."

एवढंच. तू मान वळवलीस. माझ्याकडं बघितलंस, मग कोपऱ्यातल्या तारखेकडं, मग परत माझ्याकडं. मग तू डोळे मिटून घेतलेस.

दहा मिनिटांत यादी सरळ झाली. नंतर तू मला कागदावर मांडून दाखवलंस. उसाचं वय काढायला प्रोग्राम आजच्या सालातून लागणीचं साल वजा करायचा. आज चार, लागण पंचाहत्तर. चारातून पंचाहत्तर जात नाहीत. पण त्या जुन्या प्रोग्राममध्ये उणे लिहायला जागाच ठेवलेली नव्हती, म्हणून तो उणे टाकून द्यायचा आणि नुसता आकडा धरायचा. मग पंचाहत्तरपेक्षा शहात्तरची लागण जास्त म्हातारी ठरली. सगळी यादी खालची वर. तू ते मला समजावून सांगितलंस, आणि शेजारी एक छोटं उदाहरण सोडवून दाखवलंस, मला कळावं म्हणून.

त्याच दुपारी तू मशीनला शिकवून टाकलंस की अठ्ठावीस त्यानं आपलं आपण वजा करायचे. आजही ते करतं. कारखान्यात अजून त्यावरच याद्या निघतात आणि कुणाला ठाऊक नाही.

चौकशी लागली. मीटिंगच्या खोलीचं दार उघडं होतं, मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर उभी होते. आत जायला सांगितलं नव्हतं.

एमडी साहेब म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं तारीख रोज हातानं घातली जात होती?"

"हो."

"कोण घालत होतं?"

 मला वाटलं, आता माझं नाव येणार. मला वाटलं, येऊ दे. मला वाटलं, नको. दोन्ही एकदम वाटत होतं.

तू म्हणालास, "मी."

"आणि नव्या मशीनवर गेल्यावर तुमच्याच लक्षात राहिलं नाही?"

"माझंच चुकलं साहेब."

खरं सांगितलं असतंस तर मला काढलं असतं, आणि तुला म्हणाले असते, कारखान्याची यादी झाडणाऱ्या बाईच्या हातात दिली होती, तीही स्वतःच्या बहिणीच्या. हे मला कळतं. घरी येताना बसमध्ये मी विचारलं, "माझं नाव का न्हाय सांगितलंस?" तू खिडकीबाहेर बघत म्हणालास, "तूच म्हनली हुतीस की, चारचौघांत नाव घेऊ नको." आणि हसलास. त्या हसण्याचा मला राग आला होता. तो राग इतकी वर्षं मी जपून ठेवला, कारण तो असला की दुसरं काही बघावं लागत नव्हतं.

काट्यावरच्या खोलीला दार नव्हतं. धूळ, चिपाड, गाड्यांचा धूर. ओल्या फडक्यानं खुर्ची पुसायची सवय तुझी सुटली नाही, गाडीवान हसायचे. मी काँप्युटरच्या खोलीत राहिले, तू बाहेर गेलास. जेवणाच्या सुट्टीत मी डबा घेऊन काट्यावर यायचे आणि तू विचारायचास, "कसं हाय म्हशीचं?" मी म्हणायचे, "देतीया दूध." त्या चार वर्षांत तू एकदाही माझ्यावर ओरडला नाहीस. ओरडायला पाहिजे होतंस. माणूस ओरडला की उत्तर देता येतं.

आणि मग गेल्या महिन्यात, दवाखान्यात. सुनीता औषधं आणायला खाली गेली होती. तुला बोलताना धाप लागत होती. तू छताकडं बघत म्हणालास, "अक्का, नारळ फोडला त्या दिवशी तू दारात हुतीस. पडद्याकडं बघितलंस आणि मान खाली घातलीस. मला दिसलं हुतं, पण तवा ध्यानात आलं न्हाय. तुला साल कळलं हुतं न्हवं?"

मी म्हटलं, "न्हाय रे. चौथी शिकलेल्या बाईला त्यातलं काय कळतंय."

तू मान भिंतीकडं फिरवलीस.

मिलिंदा, तू मेल्यावर मी रडले त्याहून जास्त मला त्या मान फिरवण्याचं दुःख आहे. जगात एक माणूस होता ज्यानं मला काय कळतं ते कधी चौथीवरून मोजलं नाही. त्याच्यासमोर मी ते म्हणाले. लोक मला म्हणतात ते मी तुझ्या तोंडावर, तुझ्याशी खोटं बोलण्यासाठी वापरलं.

व्हय, कळलं होतं. नारळ फुटायच्या आधी कळलं होतं. यादी उलटी होईल हे कळलं नव्हतं, ते तुझी शपथ, पण काहीतरी बिघडणार हे कळलं होतं. सगळे म्हणतात मी लाजरी आहे, आणि मीही तेच धरून बसले, की साहेब लोक होते, पेढे वाटत होते, मी कशी बोलणार. ते खोटं आहे. ते सगळे चहाला गेल्यावर तू आणि मी दोघंच त्या खोलीत होतो, तू पेढा माझ्या हातावर ठेवलास, तेव्हा मला बोलता आलं असतं. मी बोलले नाही कारण तू म्हणाला होतास, तुझं काम सुटलं. सहा आकडे होते फक्त. तू ते माझ्या हातातून काढून घेतलेस आणि तुला कळलंसुद्धा नाही की काय घेतलंस. मला वाटलं, अडू दे. अडलं की विचारील. एक दिवस अडेल, तू येऊन म्हणशील, अक्का, तुझ्यावाचून चालत न्हाय. तू विचारलं नाहीस. तू दोन दिवस त्या मशीनमध्ये डोकं घालून बसलास आणि मी तीन वेळा परत गेले.

हे निष्काळजीपणाच्या कागदावर यायला हवं होतं. तुझं नाव नाही.

वरचं लिहून मी वही मिटली आणि आत गेले. सुनीता तांदूळ निवडत होती. मी उभ्यानंच सांगायला लागले, मग खाली बसले.  ती सूप हलवायची थांबली नाही, पण खडे काढत नव्हती, नुसतं हलवत होती.

सगळं झाल्यावर म्हणाली, "चार वर्सं तुमी रोज त्यांचा डबा घेऊन जात हुता."

"व्हय."

"आणि रोज गप बसला."

"व्हय."

तिनं सूप खाली ठेवलं. मला वाटलं आता ती काही वाईट बोलेल, आणि मी त्याला तयार होते. ती म्हणाली, "हे मला सांगून काय उपेग, अक्का? त्यो कागद मी न्हाय लिवला. ज्यांनी लिवला त्यांना सांगशीला?"

मला सगळं दिसलं. ती मीटिंगची खोली, ते टेबल, एमडी साहेब आता दुसरे आहेत पण खुर्च्या त्याच. ते म्हणतील, बाई, तुम्हाला काय कळतंय. आणि मग मला सांगावं लागेल की काय काय कळतंय. अठ्ठावीस कशासाठी, उणे कुठं गेलं, आजही त्या सर्व्हरच्या आत कोणतं साल चालू आहे. बहुतेक मला कामावरून काढतील. काढू देत.

मी म्हटलं, "सांगते."

"उद्या?"

"उद्या."

"मी येऊ संगं?"

मी नको म्हटलं. ती असली की मी तिच्याआड उभी राहीन, मला माझी खोड ठाऊक आहे. पहिली बस सहाला आहे. सुनीतानं तो कागद घडी घालून माझ्या पिशवीत ठेवला आहे.